‘जीएल-५ भारी असतं’ ऐकलं आणि दोन महिने गिअर खरखरला

गिअरबॉक्समध्ये आता योग्य ऑइल आहे, गाडी छान चालतेय. पण मधले दोन महिने आठवले की अजून डोकं तापतं, म्हणून लिहितोय.

गाडी गार असताना दुसरा गिअर जड पडायचा. ऑइल जुनं झालेलं. ते बदलायला वर्कशॉपला गाडी दिली, संध्याकाळी परत मिळाली. तिसऱ्या दिवशी दुसरा टाकताना खर्रर्र! आधी जड होता, पण आवाज कधीच नव्हता. परत गेलो, तर म्हणे क्लच सेटिंग. तेही करून घेतलं, फरक शून्य. मग म्हणे, ‘चालवा, बसेल हळूहळू.’ महिनाभर चालवली. कोणतं ऑइल घातलंत विचारलं की एकच उत्तर, ‘सगळ्यात भारी.’ बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल’.

चौथ्या खेपेला मी हटूनच बसलो, कॅन दाखवा. दाखवला. ७५डब्ल्यू-९० हा घट्टपणाचा आकडा, आणि खाली बारीक अक्षरात जीएल-५, म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग. गाडीच्या माहितीपुस्तिकेत, मागच्या पानांवरच्या तक्त्यात, ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. आकडा जुळला म्हणून पुढचं कुणी वाचलंच नव्हतं. हे दाखवल्यावर उत्तर आलं, ‘साहेब, पाच हे चारच्या पुढचं. पाचात चार आलंच.’

नाही येत! इंजिन ऑइलमध्ये नवा दर्जा सहसा जुन्याची जागा घेतो, त्यामुळे ही सवय लागली असावी. जीएल-५ मुळात डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरसाठी आहे. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं बरीच जास्त असतात. मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगचं काम बरोबर उलटं. ती बहुधा पितळी असते. तिने गिअरच्या शंकूला क्षणभर घट्ट पकडून दोघांचा वेग सारखा करायचा, मग दात अलगद बसतात. ऑइल नको तितकं निसरडं असेल तर रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. तीच खरखर. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक तापल्यावर पितळ खातं. सगळीच खात नाहीत, पण पकडीचा प्रश्न उरतोच.

शेवटी जीएल-४ मी स्वतः आणलं आणि समोर उभं राहून घालून घेतलं. कॅनवर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलं दिसलं, तर मी तरी घेणार नाही, निदान गाडीच्या कंपनीने ते चालतं असं लिहिलेलं असल्याशिवाय. काही गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना चक्क इंजिन ऑइल, त्यामुळे पुस्तिकेत काय आहे तेच धरा, माझ्या गाडीचं नाही.

हो, आणि घरी बदलणार असाल तर आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का बघा. खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा अडकला, तर गाडी जागची हलणार नाही. गाडी सपाट जागी हवी. वरच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल आलं की, बहुतेक गाड्यांत, पातळी झाली. वॉशर नवे घाला. ९० आकडा बघून घट्ट असेल असं वाटतं, पण गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गरम असताना हे साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. आवाज दाबायला याहून घट्ट ऑइल घालायचा सल्लाही मला मिळाला होता. गार गाडीत गिअर आणखी जड झाला असता.

आता गार गाडीतही दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. तिसऱ्यावरून घाईने दुसऱ्यात आणला तर मात्र अजून किंचित खर्र होतं, ते काही गेलं नाही. काढलेलं जीएल-५ मी बाटलीत ठेवलंय. खालच्या, ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता, तो लोखंडाचा, थोडाफार असतोच. पितळ चुंबकाला चिकटत नाही. बाटली उन्हात धरून हलवली की ऑइलमध्ये सोनेरी कण फिरताना दिसतात.