आजी शांत झोपल्या होत्या तो दिवस

आजींच्या घरी बेल वाजवली की आतून पहिला आवाज कण्हण्याचाच यायचा, सहा वर्षांचं मणक्याचं दुखणं. त्या दिवशी काहीच नाही. सूनबाई दार उघडताच हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, आई रात्रीपासून इतक्या छान झोपल्यात ना, कितीतरी महिन्यांनी."

मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. नेहमीसारखं विचारलं, "आजी, आज दुखणं दहापैकी किती?" त्या डोळे किलकिले करून "दोन" म्हणाल्या आणि लगेच परत झोपल्या. ज्या बाईने कधी सातच्या खाली आकडा सांगितला नाही ती दोन म्हणतेय आणि तेवढं सांगायलाही जागी राहत नाहीये, तिथेच मनात पाल चुकचुकली. घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. फक्त आठ. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पाठीखाली हात घातला तर हीटिंग पॅड चालूच, आणि त्याच्याच वर, आदल्या दिवशी मीच लावलेला फेंटानिलचा, म्हणजे अफूच्या जातीतल्या जबरदस्त वेदनाशामकाचा, पॅच.

हा पॅच 72 तास हळूहळू कातडीतून औषध सोडतो. पण त्याला ऊब मिळाली की औषध भराभर रक्तात उतरतं, आणि डोस जास्त झाला की पेशंट श्वास घ्यायचंच विसरायला लागतो. पॅड बंद केला, ग्लोव्ह्ज घालून पॅच काढला, पण कातडीत मुरलेलं औषध नंतरही तासन् तास झिरपत राहतं त्यामुळे काढला म्हणजे झालं असं नसतं. डॉक्टरांना फोन, अँब्युलन्स, आणि तोवर मी नुसती खांदा हलवत "आजी, मोठा श्वास घ्या" करत बसलेली, सांगितलं की घ्यायच्या, थांबले की थांबायच्या. हॉस्पिटलमध्ये नॅलॉक्सोन, म्हणजे या औषधावरचा उतारा, दिलं, त्याचा असर पॅचच्या औषधाआधी उतरतो म्हणून पुढे ड्रिपमधून चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी आजी चक्क माझ्यावर ओरडत होत्या.

मला जे लागलं ते वेगळंच. शेक घ्या असं मीच सांगितलेलं, तेव्हा पॅच नव्हताच. नंतर पॅच सुरू झाला तेव्हा पॅच कधी बदलायचा, कुठे लावायचा सगळं सांगितलं, शेकाचं राहिलं. फाइलमध्ये फिजिओच्या पानावर "शेक 15 मिनिटं", माझ्या पानावर पॅच, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून कुणीच वाचली नाहीत. बरं वाटतंय म्हटल्यावर 15 मिनिटांची रात्र व्हायला काय वेळ लागतो.

आता डोस कमी केलाय, हीटिंग पॅड हद्दपार. चार्टवर दुखण्याच्या आकड्याआधी श्वासाचा रकाना आलाय. चालायचं ते घड्याळ लावून, चार मिनिटं झाली की बरं वाटत असलं तरी बसायचं, कारण एरवी बऱ्या दिवशी आजी घरभर फिरायच्या आणि पुढचे दोन दिवस आडव्या.

परवा गेले तर दारातूनच कण्हणं ऐकू आलं, हुश्श केलं. आकडा विचारला. म्हणाल्या, "सहा. आणि शेक बंद केलास म्हणून वर अर्धा."