तळघरातला एसटीपी आणि बोअरची पातळी

आमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्लँट, आहे का, असं विचारलं की सगळे हो म्हणायचे. चालू आहे का, असं विचारलं की एकमेकांकडे बघायचे. बिल्डरने ताबा देताना यंत्रणा फिरवून दाखवली होती, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज ऐकवला होता. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं आणि पुढच्या काही महिन्यांत तो आवाज बंद झाला. मैलापाणी बायपास लाइनने सरळ नाल्यात जायला लागलं. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात आम्ही राहतो. पालिकेचं पाणी बेताचंच येतं, बाकी भिस्त बोअर आणि टँकरवर. म्हणजे पाणी विकत घ्यायचं, एकदा वापरायचं आणि नाल्यात सोडून द्यायचं.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि सेक्रेटरीपद गळ्यात पडलं. पंप-पाइपातलं मला काही कळत नाही, हिशेब मात्र कळतो. म्हणून आधी हिशेबच मांडला. १८० फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर ७२० डोकी. बांधकामाच्या नियमात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी. ७२० गुणिले ४५ म्हणजे ३२,४०० लिटर. आमच्याकडे येणारा टँकर १०,००० लिटरचा. म्हणजे रोज तीन टँकरहून थोडं जास्त पाणी आम्ही निव्वळ संडासात ओततो, जिथे एसटीपीचं पाणी चाललं असतं. सर्वसाधारण सभेत पर्यावरण, नदी वगैरे बोलून जे झालं नसतं, ते या एका गुणाकाराने झालं. सभा चक्क शांत झाली.

पण शांतता टिकली नाही, कारण बोअरवाला गट उठला. ‘एसटीपी सुरू करायच्या खर्चात आणखी एक बोअर मारू, पाचशे फूट जाऊ.’ दर उन्हाळ्यात हा प्रस्ताव येतो. आमच्याकडे दोन बोअर आधीच आहेत. त्यात पाणी किती खोल आहे, हे मात्र कुणालाच सांगता येईना. ‘पाणी लई खाली गेलंय,’ एवढं वॉचमन सांगायचे, आणि तेवढ्यावरच लाखालाखाचे निर्णय व्हायचे.

बी विंगमध्ये एक निवृत्त भूवैज्ञानिक राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्याकडून बरंच कळलं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पावसाळ्याआधीची आणि नंतरची नोंद त्यात सगळ्यात महत्त्वाची. त्यावरून तालुक्याचं, पाणलोटाचं चित्र कळतं. आपल्या आवारातल्या बोअरचं काय, ते आपणच मोजायला हवं. ‘आणि ते काही रॉकेट सायन्स नाही,’ काका म्हणाले.

खरंच नाही, पण एक मेख आहे. बोअरमध्ये सबमर्सिबल पंप असतो, त्याचा पाइप आणि केबल. वरून टेप सोडली की ती केबलला गुंडाळते आणि मग टेपही जाते, पंपही वर काढावा लागतो. त्यामुळे पंप सर्व्हिसिंगसाठी वर काढला तेव्हाच केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या जाड पाइपात, एक बारीक पीव्हीसी पाइप शेजारून खाली सोडून घेतला. आता टेप त्या पाइपातून जाते. टेपच्या टोकाला सेन्सर असतो, पाण्याला टेकला की वर रिळावर पीं असा आवाज येतो. तिथे टेप चिमटीत धरायची, फूट वाचायचे, जमिनीवर आलेल्या केसिंगची उंची वजा करायची आणि वहीत लिहायचं. रात्रभर पंप बंद ठेवून पहाटे घेतलेली नोंद ही खरी स्थिर पातळी. पंप चालू असताना घेतलेली नोंदही उपयोगाची, पण दोन्ही एका रकान्यात लिहिल्या की वही रद्दीत टाकायची.

ऑक्टोबरात पातळी ४० फुटांच्या आसपास होती. मेमध्ये १९० च्या खाली गेली. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे एक नंबरचा पंप चालू केला की दोन नंबरच्या बोअरचीही पातळी उतरायची. दोन्ही बोअर एकाच भेगेतलं पाणी ओढत होते! आपल्याकडचा खडक बेसाल्ट. पाणी असतं ते मुरमात, सच्छिद्र थरांत आणि भेगांत. अखंड काळा पाषाण लागला की कितीही खोल जा, धूळच उडते. शेजारच्या सोसायटीने सहाशे फूट जाऊन अर्धा इंच पाणी काढलं होतं, तेही पुढच्या उन्हाळ्यात आटलं. काकांनी दोन्ही बोअरच्या रेषा एका आलेखावर काढून सभेत लावल्या आणि तिसऱ्या बोअरचा विषय मिटला. खरं तर पुढे ढकलला गेला. असे विषय मिटत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले. पाण्यातल्या जंतुसंसर्गाचा संशय आला आणि शहरभर लोक प्रयोगशाळेत बाटल्या घेऊन धावले. आम्हीही धावलो. बोअरच्या पाण्यात ई. कोलाय सापडले आणि नायट्रेट ४५ च्या मर्यादेच्या बरंच वर. (आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं.) ई. कोलाय म्हणजे विष्ठेशी थेट संबंध. आसपास शेती उरलेली नाही, खताचं नायट्रेट येणार कुठून? बोअरपासून मैलापाण्याच्या चेंबरपर्यंत चालत गेले, तर जेमतेम तीस फूट अंतर. चेंबर खोदलं. उंबराच्या मुळांनी जुन्या पाइपाचा जोड फोडला होता आणि मैलापाणी मुरमात जिरत होतं. नाल्यात आम्ही पाणी सोडत होतोच. थोडं आमच्याच बोअरमध्येही सोडत होतो.

पाइप बदलला, चेंबरला आतून प्लास्टर केलं, बोअरमध्ये क्लोरिनचा मोठा डोस टाकून पाणी उपसलं. ई. कोलाय पुढच्या तपासणीत गेले. नायट्रेट तसे जात नाही, ते हळूहळूच उतरतंय. काही जणांनी ग्रुपवर ‘पाणी उकळून घ्या’ असा सल्ला टाकला होता. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट नाही. पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. तोवर बोअरचं पाणी स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही.

आता एसटीपी. कोटेशनं मागवली. त्यातल्या सगळ्यात स्वस्त एजन्सीच्या माणसाने वर्षानुवर्षं साचलेल्या टाकीकडे बघून सांगितलं, ‘मॅडम, दोन पोरं आत उतरवतो, संध्याकाळपर्यंत चकाचक.’ त्याला तिथूनच परत पाठवलं. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. आत गेलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अशी विनासाधन माणसं उतरवणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी सही केली नसती. सक्शनचं वाहन आलं, चौपट पैसे गेले, कमिटीत दोघं नाराज झाले. होऊ देत.

टाकी रिकामी, हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर नवे, ब्लोअरची मोटर रिवाइंड करून घेतली. तरी बटण दाबलं आणि पाणी शुद्ध झालं असं होत नाही. सगळं काम करतात ते जिवाणू, आणि ते आधी आणावे लागतात. दुसऱ्या एका चालू प्लँटमधून गाळ टँकरने आणून आमच्या टाकीत टाकला, अगदी विरजण लावतात तसा. त्यांना हवा लागते, खाणं लागतं, आणि ब्लोअर जास्त वेळ बंद राहिला की ते मरतात. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवावा, अशी सूचना आमच्याकडेही आली होती. ती वाचवलेली वीज पुढे वासाच्या तक्रारींत आणि नव्या गाळात परत भरावी लागते.

ऑपरेटर म्हणून मिळालेला मुलगा सांगोल्याकडचा. पाण्याची किंमत त्याला सांगावी लागली नाही. त्याने मला एकच चाचणी शिकवली, आणि अहवालांपेक्षा माझा भरवसा तिच्यावर जास्त आहे. एरेशन टाकीतलं (ब्लोअर जिथे हवा सोडतो ती) पाणी एक लिटरच्या काचेच्या उभ्या नळीत भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. गाळ तीनशे मिलिलिटरच्या रेघेच्या आसपास बसला, रंग चॉकलेटी आणि वास पावसाळी मातीचा, की प्लँट ठीक. काळा रंग आणि कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी पडतेय. पांढरा फेस म्हणजे जिवाणू अजून कोवळे, नाहीतर साबण जास्त आलाय. रोज सकाळी तो नळीचा फोटो पाठवतो. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांपेक्षा बरा.

प्लँट रुळावर आला आणि दिवाळी आली. घरोघरी सफाई, बाथरूमच्या टाइल्सना अ‍ॅसिड, ब्लीचिंग, फिनेल. वसुबारसेच्या सकाळी नळी काळी. १८० घरांतलं अ‍ॅसिड दोन-तीन दिवसांत खाली आलं आणि जिवाणूंचा कारभार आटोपला. पुन्हा गाळ आणला, पुन्हा वाट पाहिली. आता नवरात्रातच प्रत्येक लिफ्टमध्ये सूचना लागते: अ‍ॅसिड टाळा, वापरलंच तर थोडं आणि भरपूर पाणी घालून. सगळे ऐकत नाहीत, पण निम्म्यांनी ऐकलं तरी जिवाणू तगतात.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते मात्र फ्लशच्या लाइनने. इमारतीत दोन वेगळ्या लाइनी आहेत, एक ताज्या पाण्याची, एक फ्लशची. कागदावर. पण इतक्या वर्षांत कितीतरी घरांत नूतनीकरण झालं होतं आणि कुठल्या प्लंबरने भिंतीत काय जोडलं, ते त्या प्लंबरलाच ठाऊक. प्रक्रिया केलेलं पाणी गच्चीवर चढवण्याआधी फ्लशच्या टाकीत साधं पाणी भरून त्यात खाण्याचा निळा रंग ढवळला. घरोघरी सांगितलं, फ्लशशिवाय कुठेही निळं पाणी आलं तर फोन करा. पहिल्या तासाभरात काही नाही. मग सी विंगमधून एका वहिनींचा फोन. मी वर गेले. त्यांनी संडासातला जेट दाबून दाखवला: निळंशार पाणी! फ्लशच्या कॉकवरच टी मारून जेट जोडला होता. अशी आणखी काही घरं निघाली, आणि एका घरात तर चक्क बेसिनचा नळ. फरश्या फोडाव्या लागल्या, भांडणं झाली, खर्च कोणाचा यावर कमिटीची रात्रीची बैठक झाली. जोड सुधारून रंगाची चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय लाइन सुरू करायची नाही, यावर मी अडून बसले. कुणी नव्याने एसटीपीचं पाणी फ्लशला देणार असेल, तर बाकी काही जमलं नाही तरी हे कराच.

तपासणीचे अहवाल वाचायलाही शिकले. महानगरांसाठी बीओडीची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. पहिला अहवाल ३४ चा आला, नंतरचे आठ-नऊच्या घरात. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा आणि भरताना आपलं माणूस हजर हवं. बाटलीत कुठलं पाणी भरलं, हे अहवालात दिसत नाही.

पाणी स्वच्छ दिसायला लागल्यावर ए विंगमधल्या एका गृहस्थांनी सुचवलं, उरलेलं पाणी रिचार्ज पिटमधून (पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यातून) बोअरमध्ये सोडू. मुलगी कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीला असते, तिथे तेच करतात. करतात हे खरं. २००८ पासून तिथे सांडपाणी शुद्ध करून भूजलात सोडतात आणि २०२३ च्या विस्तारानंतर त्यांची क्षमता रोजची जवळजवळ ४९ कोटी लिटर आहे. पण आधी ते पाणी मायक्रोफिल्ट्रेशन, मग आरओ, मग अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांतून जातं. आमच्याकडे वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर आणि हायपोक्लोराइटचा कॅन आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या अटींमध्येही सांडपाणी, प्रक्रिया केलेलं असो वा नसो, भूजलात सोडायला मनाई आहे. बोअरमध्ये फक्त गच्चीवरचं पावसाचं पाणी, तेही पहिल्या सरी वाहून गेल्यावर. फुटक्या चेंबरचा अहवाल पुन्हा वाचून दाखवला तेव्हा त्या गृहस्थांना पटलं.

सध्या रोज फ्लशला लागणारं सगळं पाणी प्लँटमधून येतं, बागही त्यावरच जगते. टँकर उन्हाळ्यातही निम्म्याहून कमी लागतात. बोअरचे पंप कमी तास चालतात आणि यंदाच्या मेमधली पातळी गेल्या मेपेक्षा तीसेक फूट वर राहिली. त्यात पाऊस चांगला झाल्याचा वाटा किती आणि आमचा किती, ते वेगळं काढता येत नाही, असं भूवैज्ञानिक काका बजावतात. आणखी दोन-तीन वर्षांच्या नोंदी हव्यात.

पाणी उरतं मात्र. रोज साधारण ७८,००० लिटर मैलापाणी येतं, फ्लश आणि बाग मिळून निम्म्याच्या आसपास संपतं. पावसाळ्यात बागेलाही नको. बांधकामाला प्रक्रिया केलेलंच पाणी वापरा, असं महापालिका सांगते, म्हणून शेजारच्या साइटशी बोलणी केली. त्यांचा टँकर आता दुपारी येतो, ऑपरेटर मीटरचं वाचन लिहून ड्रायव्हरची सही घेतो. दर अजून ठरायचाय. त्यांच्या इंजिनिअरला क्लोराइडचा अहवाल हवा आहे, काँक्रीटसाठी. तो नमुना सोमवारी जाईल.