तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटातली दगडी हत्यारं कशी जमवायची?

दिवाळी जवळ आली की दोन-तीन फोन हमखास येतात. जैसलमेरची तिकिटं काढून झालेली असतात. "तुम्ही तिकडे राहिलात ना? तुमच्याकडे अश्मयुगातली हत्यारं होती म्हणे. आम्हालाही जमवायचीत. कुठे बघायचं, ओळखायची कशी?" फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ह्यांची बदली जोधपूरला झाली आणि आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. पहिलं हत्यार मला तिलवाड्याला सापडलं. चैत्रात तिथे लुनी नदीच्या कोरड्या पात्रात मल्लिनाथजींचा गुरांचा बाजार भरतो. उंट-बैलांच्या गर्दीतून बाहेर पडून मी बाजूच्या वाळूच्या टेकाडावर चढले, तर पायाशी मधाच्या रंगाचा एक दगड चमकला. अंगठ्याच्या पेराएवढाच होता. वरचा भाग सपाट, आणि तिथून खाली सरळ, एकमेकींना लागून सात-आठ पन्हळी गेलेल्या. पेन्सिलीला चाकूने टोक काढल्यावर कडेला जसे तासलेले पट्टे दिसतात, तशा.

तो गाभा होता. प्रत्येक पन्हळीच्या जागेवरून कुणीतरी एक पातळ पातं काढून नेलेलं. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवली की बाण होतो, सुरी होते. पाती कुठेतरी गेली, आणि ज्यातून ती निघाली तो गाभा माझ्या हातात होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ओळखायचं म्हणाल तर छिलक्यापासून सुरुवात करा. दगडावर नेमका घाव घालून काढलेल्या छिलक्याच्या आतल्या बाजूला, घावाच्या लगेच खाली, एक फुगवटा असतो. त्याच्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं. बोट फिरवलं की कळतं. वाळवंटात दिवसाच्या तापाने आणि रात्रीच्या थंडीने दगड आपोआपही तडकतात आणि नवखा माणूस तिथे हमखास फसतो. पण तसे तुकडे उडतात तेव्हा घावाची खूण नसते. एकाच बाजूला ओळीने छिलके काढलेले दिसले, की मागे माणसाचा हात आहे असं समजायला हरकत नाही.

चार वर्षांत माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरला. तिलवाड्याचे दगड, डीडवान्याच्या खाऱ्या तळ्याच्या बाजूचे, बाडमेरच्या रस्त्यावर गाडी थांबवून उचललेले. सगळे एकाच डब्यात. कुठला कुठून आणला ते मला पाठ आहे अशी माझी खात्री होती.

पुण्याला परतल्यावर तो डबा एका पुरातत्त्व अभ्यासकांकडे घेऊन गेले. त्यांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर दगड ओळीने मांडले आणि एकेकावर बोट ठेवून विचारलं, "हा कुठला?" पहिल्या पाचांचं मी सांगितलं. सहाव्याला अडखळले. मग पाचव्याचीही खात्री वाटेना. शेवटी त्यांनी डबा उलटा करून तळाशी ठोकला. चमचाभर वाळू पडली. ती बोटाने पसरत ते म्हणाले, "ताई, वय हिच्याकडे होतं."

हे मला तोवर माहीत नव्हतं. दगड कोट्यवधी वर्षांचा असू शकतो, त्यातून हत्यार कधी घडलं हे तो सांगत नाही. ते सांगते त्याच्याभोवतीची वाळू. वाळूचा कण उन्हात असतो तोवर त्याची पाटी कोरी असते. तो गाडला गेला, की आसपासच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा त्याच्यात साठू लागते. ती मोजली की किती काळ अंधारात होता हे काढता येतं. म्हणून नमुना घेताना नळी थरात ठोकतात, तोंड लगेच बंद करतात, आणि प्रयोगशाळेत मंद लाल उजेडातच उघडतात. डीडवान्याजवळच्या सिंगी तलावच्या हातकुऱ्हाडींचं वय असंच काढलं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं: सुमारे १ लाख ७७ हजार वर्षं. तिथला थर जागेवर राहिला म्हणून हे जमलं.

उघड्यावर पडलेल्या हत्यारांचं काय, असंही विचारतात. वारा वाळू उडवून नेतो आणि वेगवेगळ्या काळातले दगड एकाच जमिनीवर येऊन बसतात, हे खरं. पण तिथेही एक गाभा आणि त्याच्या हातभर अंतरावर त्याचेच छिलके असले, तर कुणीतरी तिथे बसून काम केलंय हे दिसतं. छिलके पुन्हा गाभ्यावर जुळवून कोणता घाव आधी, कोणता नंतर, हेसुद्धा लावता येतं. मी गाभा उचलला आणि छिलके तिथेच राहिले.

काही जण फ्रेममध्ये लावलेली सहारातली बाणाग्रं विकत घेऊन दाखवतात. सुरेख असतात. सहारा हिरवा होता, तळी होती, गुरं चरत होती, त्या काळातली. पण मागच्या चिठ्ठीवर पत्ता काय, तर 'सहारा'. भारताच्या पावणेतीन पट जागा! ती पैसे देऊन घेऊ नका, मागणी वाढली की आणखी जमीन वेचली जाते. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

मग जमवायचं काय? शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, फोनवर जागेची खूण करून ठेवा, आसपास आणखी काय आहे ते लिहा, आणि दगड होता तसाच ठेवा. मग जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. हातात घेऊन बघायची हौस मलाही समजते. माझा डबा आता एका कॉलेजात आहे, मुलं त्यातले छिलके हाताळून फुगवटा ओळखायला शिकतात. तेवढाच त्याचा उपयोग उरला.

आणखी एक सांगते. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगी तलावला उत्खनन केलं, तेव्हा हातकुऱ्हाडींच्या थरात गारगोटीचे सहा छोटे स्फटिक मिळाले. हत्यार करायला फारच लहान, घडवल्याची खूणही नाही. दुसरीकडून कुणीतरी ते वेचून आणले असावेत, बहुधा दिसायला सुंदर म्हणून. हे कळलं कारण ते ज्या थरात होते तिथेच सापडले. माझ्या डब्यात असते, तर मी त्यांना साधे खडे समजून कुंडीत टाकलं असतं.