पायरीवरची झडती

शनिवार, रात्री.

आज जेवताना मुलाशी वाद झाला आणि तो पाने उचलल्यावरही मिटला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. दुकानात चोरी केल्याचा संशय असलेल्या माणसाला दुकानदाराने चारचौघांत अडवले, तर तिथे उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाने मध्ये पडावे की नाही, एवढाच वादाचा विषय होता. मुलाचे स्वतःचे कृषी सेवा केंद्र असल्यामुळे त्याचा कल कोणाकडे असणार हे उघड होते. पण त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही, आणि आज दुपारी मी स्वतः मध्ये पडले होते, तेव्हा माझे म्हणणेही मला एकदा नीट मांडून पाहायचे आहे.

सध्या कपाशीची वेचणी सुरू आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वेचणीची मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशी किंवा आदल्या सायंकाळी हाती पडते, आणि ती पडली की आसपासच्या खेड्यांतील बाया काळीपिवळीत दाटीवाटीने बसून तालुक्याच्या गावी येतात. आजही तसेच होते. बाजाराच्या रस्त्यावर जे नवे मोठे दुकान झाले आहे, जिथे गिऱ्हाइकाने फडताळांमधून स्वतः हिंडून माल घ्यायचा आणि शेवटी बिल करायचे, तिथे मी बिलाच्या रांगेत होते. माझ्या पुढची एक बाई आणि तिची तेरा-चौदा वर्षांची मुलगी पैसे देऊन बाहेर पडल्या आणि लगेच दुकानाच्या पायरीवरून आरडाओरडा ऐकू आला. "थांब वं! पिशवी दाखव आधी." दुकानातील मुलाने बाईच्या हातातील पिशवी धरली होती, बाई ती सोडत नव्हती, आणि त्या ओढाताणीत साखरेची पुडी फुटून पायरीवर सांडली.

पाहता पाहता गर्दी जमली. शेजारच्या गाडीवर आलूबोंडे खाणारी माणसे हातातील कागदासकट उठून आली. त्यांच्यापैकी एकानेही दुकानात काय झाले ते पाहिलेले नव्हते, तरी निकाल मात्र प्रत्येकाजवळ तयार होता. "बेड्यावरची असन," असे एक जण म्हणाला; बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. "हात लावल्याबिगर कबूल नाही करत ह्या," असे दुसऱ्याने सांगितले. तिसऱ्याने मोबाईल वर धरला होता आणि तो मुलीच्या तोंडाजवळ नेऊन चित्रण करत होता. बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बिल केलं ना जी, पैसे देले ना जी."

मी पायरीवर जाऊन एवढेच म्हटले की जे विचारायचे आहे ते आत विचारा, इथे नको. मालक तोवर गल्ल्यावरून उठून आले होते. ते मला ओळखतात, त्यांचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता. "तुमी मंधात नका पडू मॅडम, आमचं रोजचं आहे हे," असे ते म्हणाले. त्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, वैताग होता. मी बाईच्या दंडाला धरून तिला आणि मुलीला आत नेले, मोबाईलवाल्याला बाहेरच थांबवले आणि दार लोटून घेतले. दुकानात पुड्या बांधणारी एक बाई काम करते. तिने पिशवीतील वस्तू एकेक काढून बिलाशी ताडून पाहाव्यात असे ठरले, आणि मुलीच्या आईनेही "पाहा ना माय, पाहून घ्या" असे म्हणून पिशवी आपण होऊन पुढे केली.

पिशवीतील सगळे बिलात होते. मुलीच्या गळ्यातील छोट्या पर्समध्ये मात्र नखांच्या रंगाची एक बाटली आणि केसांना लावायच्या चापांचा एक पुठ्ठा निघाला, आणि या दोन्ही वस्तू बिलात नव्हत्या. आईने मुलीच्या पाठीत धपाटा घातला, कमरेच्या बटव्यातून पैसे काढून गल्ल्यावर ठेवले आणि मालकांनी ते मोजून घेत "पुन्हा दुकानात पाय ठेवायचा नाही" असे बजावले. प्रकरण तिथे संपले.

आता मुलाचा मुद्दा. "चोरी निघालीच ना, आई? मग तुला चोराचा एवढा पुळका काहून?" त्याच्या मते मी मध्ये पडले ते बाई निर्दोष आहे असे गृहीत धरून, आणि तसे नसल्याचे दिसल्यावर माझी बाजू पडली. मला हे मुळातच मान्य नाही. ती बाई निर्दोष आहे की नाही हे मला ठाऊक नव्हते आणि ते ठरवायला मी गेलेही नव्हते. पर्समध्ये काही निघाले नसते तर मी बरोबर आणि निघाले म्हणून चूक, असा हिशेब धरला तर मध्ये पडणाऱ्या माणसाने आधी न्यायाधीश व्हावे असे होते, आणि पायरीवर जमलेली माणसे नेमके तेच तर करत होती. मला तो प्रकार पायरीवरून आत न्यायचा होता, एवढाच माझा त्यातील भाग.

चोरीचे माप काय आणि शिक्षेचे काय, याचाही विचार करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. असा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही असा, आणि जामीनपात्र धरला आहे. सामान्य नागरिकाने दुसऱ्याला पकडण्याची मुभा फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४० मध्ये आहे, परंतु तीही केव्हा, तर आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा माणूस घोषित फरार गुन्हेगार असला तर. आणि पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. म्हणजे आलूबोंड्याच्या गाडीवरून उठून आलेल्या माणसाला ना काही दिसले होते, ना त्याला काही अधिकार होता. स्त्रीची झडती तर पोलिसांनाही स्त्रीकडूनच आणि सभ्यता पाळून घ्यावी लागते. जे बंधन खाकी वर्दीला आहे ते गल्ल्यावरच्या पोराला नाही, असे कसे म्हणता येईल?

यावर मुलगा उसळून म्हणाला की पाच हजारांच्या आत मोकळे रान दिले म्हणायचे. त्याचे दुखणे मला कळते. त्याच्या दुकानात फवारणीच्या काही औषधांची बोटभर उंचीची बाटली हजाराच्या घरात जाते, ती खिशात सहज मावते, आणि हंगामात गर्दीच्या वेळी एखादी कमी भरली की त्या दिवसाचा नफा तिच्यातच जातो. पोलीस ठाण्यात जावे तर अर्धा दिवस मोडतो आणि हाती येतो तो अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा कागद. दुकानदार पायरीवर ओरडतो तो बहुतेक वेळा क्रौर्यापोटी नव्हे. दुसरा कोणताही उपाय त्याच्या कामाचा राहिलेला नसतो आणि चार लोकांनी पाहिले की बाकीच्यांना धाक बसेल असे त्याला वाटते, हे मी नाकारत नाही. परंतु असा धाक कोणाला बसतो? सराईत माणूस त्या दिवशी दुसऱ्या दुकानात जातो. पायरीवर सापडते ती चाप उचलणारी पोरगी.

या दुकानांच्या रचनेबद्दलही थोडे लिहायला हवे. आमच्या लहानपणीच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फळीच्या बाहेर आणि माल आत असे. चोरीला जागाच नव्हती आणि संशय घ्यायचा तर तो गिऱ्हाइकाने तराजूवर घ्यावा अशी स्थिती होती. आता माल गिऱ्हाइकाच्या हाताशी आणून ठेवला आहे, कारण त्याने विक्री वाढते, आणि त्या सोयीबरोबर जी जोखीम आली तिच्यासाठी कॅमेरे, कोपऱ्यातले गोल आरसे आणि दाराशी पिशवी ठेवायचा नियम आला. तो नियम सर्वांना सारखाच असता तर माझी तक्रार नव्हती. पण माझी खांद्यावरची पर्स कोणी कधी ठेवून घेतलेली नाही, आणि कापडी पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला मात्र दारातच टोकले जाते. चोरी लपवायला दोन्हींत जागा सारखीच असते.

"बेड्यावरची असन" हे वाक्य मला अजून टोचते आहे. ती बाई पारधी बेड्यावरची नव्हती. असती तरी फरक पडायला नको होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली आणि पारध्यांसारख्या जमातींतील माणूस जन्माने चोर ठरवण्याची सोय केली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरून तो जाऊन सत्तरहून अधिक वर्षे लोटली तरी बाजाराच्या रस्त्यावर तो अजून चालतो, आणि चालवणारी माणसे माझ्याच शाळेत नागरिकशास्त्र शिकून गेली आहेत, ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून फारशी भूषणावह वाटत नाही.

मुलगा म्हणतो, मी राईचा पर्वत करते. आपल्या गावात कोणी कोणाला मारले नसते. मीही तसेच समजते. पण केरळमधील अट्टप्पाडी येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये मधू नावाच्या आदिवासी तरुणाला दुकानांतून तांदूळ आणि खाण्याच्या वस्तू चोरल्याच्या आरोपावरून जमावाने पकडले, मारले, त्याच्यासोबत छायाचित्रेही काढून घेतली, आणि तो मेला. २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरवले. आपल्याच राज्यात, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, १ जुलै २०१८ रोजी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून लोकांनी ठार मारले. त्या दोन्ही गावांतील माणसांनीही सकाळी उठताना आपण कोणाचा जीव घेणार आहोत असे ठरवले नसेल. संशयिताभोवती जमलेल्या गर्दीत प्रत्येक नवा माणूस आला की मागच्याची भीड आणखी थोडी चेपते. म्हणून मध्ये पडायचे असेल तर ते लवकर, गर्दी दहा-पंधरा माणसांची असतानाच; शंभर झाल्यावर माझ्यासारख्या म्हातारीचे कोणी ऐकणार नाही.

सर्वांनीच माझ्यासारखे पुढे व्हावे असे मात्र मी म्हणणार नाही. माझे केस पांढरे आहेत, त्या गर्दीतील निम्मे लोक मला मॅडम म्हणतात, आणि मालकांना माझी उधारी नव्हे तर ओळख आहे. त्या बाईच्याच गावचा एखादा मजूर पुढे आला असता तर "हाही तिच्यातलाच" म्हणून त्याचीही पिशवी उलटी झाली असती. अशा माणसाने ११२ क्रमांक फिरवावा, खेड्यात असेल तर पोलीस पाटलाला बोलावून आणावे, किंवा गर्दीत ज्याचे वजन आहे अशा एखाद्याला कोपरखळी मारून पुढे करावे. आणि ज्याला यातील काहीच जमत नाही त्याने निदान तिथून निघून जावे, कारण नुसते उभे राहणे हीसुद्धा त्या पायरीवर भरच असते. उलट, कोणी माल खिशात घालताना आपण स्वतः पाहिले, तर गप्प बसावे असेही मला वाटत नाही. गल्ल्यावरच्या माणसाच्या कानावर ते हळू आवाजात घालावे आणि पुढचे त्याच्यावर सोडावे. मुलाला माझे हे म्हणणे अनपेक्षित वाटले, कारण त्याने मला सरसकट चोरांच्या पक्षात टाकले होते.

मोबाईलवाल्या मुलाला मी नंतर गाठले. मुलगी अल्पवयीन आहे, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असे सांगितल्यावर त्याने माझ्यासमोर ते चित्रण काढून टाकले. त्याने ते त्याआधी कोणाला पाठवले होते की नाही, हे विचारल्यावर मात्र तो "नाही जी" म्हणताना जरा जास्तच घाईत होता. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात अशा चित्रफिती फिरतात हे माझ्या मुलानेच कबूल केले. त्या गटात तोही आहे.

वादाच्या शेवटी आम्ही एका गोष्टीवर आलो. त्याच्या दुकानात असे काही झाले तर तो माणसाला गोदामात बोलावून विचारेल, बाई असेल तर सुनेला बोलावून घेईल, आणि पायरीवर आवाज चढवणार नाही. महागड्या बाटल्या फळीच्या मागच्या कपाटात हलवायचे त्याने आधीच ठरवले होते. व्यापाऱ्यांच्या गटातून बाहेर पडायला मात्र त्याने साफ नकार दिला. तिथे भावाची आणि मालाची माहिती मिळते, असे त्याचे म्हणणे. चोराची चित्रफीत आली तर पुढे ढकलू नकोस, असे मी म्हटले. तो "पाहू" म्हणाला आणि झोपायला गेला.