अलामोगोर्डो: 'ई.टी.'ची कार्ट्रिज पुरली ते गाव

न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला बहुतेक लोक व्हाइट सँड्सची पांढरी वाळू बघायला जातात. मी गेलो अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या कार्ट्रिजसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रात घालायच्या खेळांच्या प्लास्टिकच्या खोक्यांसाठी. त्यांत 'ई.टी.' या परग्रहवासीयाच्या चित्रपटावरून काढलेला, 'जगातला सर्वांत वाईट खेळ' म्हणून बदनाम झालेला खेळ होता. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने एल पासोहून ट्रकच्या ट्रक न खपलेला माल आणून इथल्या कचरा डेपोत पुरला आणि वरून काँक्रीट ओतलं.

डेपोच्या जागी बघण्यासारखं काही उरलेलं नाही. तिकडे वेळ घालवू नका, खणायचा विचार तर मुळीच नको. सरळ डोंगरउतारावरच्या अंतराळ संग्रहालयात जा. त्याची सोनेरी चौकोनी इमारत लांबूनच दिसते. २०१४ च्या एप्रिलमध्ये उत्खनन झालं तेव्हा सुमारे १,३०० कार्ट्रिज वर काढली. त्यांतली काही या संग्रहालयाला मिळाली, बरीचशी नगरपालिकेने लिलावात विकली. चेपलेली खोकी, मातीने डागाळलेली लेबलं, तरी 'ई.टी.'चा चेहरा ओळखू येतो. मी तिथून लवकर हललोच नाही.

'जगातला सर्वांत वाईट खेळ' हा शिक्का मला अजिबात मान्य नाही. १९८२ च्या नाताळाला माल दुकानात हवा, म्हणून अटारीच्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरला हा खेळ लिहायला जेमतेम पाच आठवडे दिले. एकट्या प्रोग्रामरने तेवढ्यात फोनचे तीन तुकडे शोधायचा अख्खा खेळ उभा केला. ई.टी. सारखा खड्ड्यात पडतो, मान लांब करून वर यावं तर काठावरून पुन्हा आत, हे खरंच वैताग आणतं. पण लाखो जादा कार्ट्रिज काढायचा निर्णय काही वॉर्शॉचा नव्हता. आणि पुरलेल्या मालात 'सेंटिपीड', 'मिसाइल कमांड'सारखे गाजलेले खेळही निघाले, हे कुणी सांगत नाही.

जाणाऱ्यांसाठी: विमानाने एल पासोला उतरा आणि गाडी भाड्याने घ्या, दीड तासाचा रस्ता आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं जवळच ठेवा, वाटेत सीमा पोलिसांचा नाका लागतो. व्हाइट सँड्स गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, पण शेजारच्या लष्करी तळावर क्षेपणास्त्र चाचणी असली की तिकडचा महामार्ग काही वेळ बंद ठेवतात. आदल्या दिवशी चौकशी करा. वसंतात वारा फार, उत्खननाच्या दिवशीही धुळीचं वादळ झालं होतं. संग्रहालयाला आधी फोन करून कार्ट्रिज मांडलेली आहेत ना, तेवढं विचारून घ्या.