बारमाही फुलतं का?

नर्सरीत गेलं की मी एकच प्रश्न विचारायचे, हे बारमाही आहे का, आणि समोरचा दरवेळी हो म्हणायचा. पिटुनियाला हो, डेलियाला हो, एकदा मुद्दाम झेंडूकडे बोट दाखवलं तर त्यालाही हो. त्याचंही बरोबरच असेल म्हणा, मरतंय म्हणून बारा महिने कोणीतरी येऊन तेच रोप परत नेतंय, मग त्याच्यासाठी ते बारमाहीच की.

दर जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून यायचं, डोकं फिरलेलं असायचंच, त्याच आठवड्यात सोलापूर रोडने उरुळीकडे गाडी काढायची, डिकी भरून रोपं आणायची आणि एप्रिल संपायच्या आत रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवायच्या, अशी आमची बरीच वर्षं गेली. आमची गॅलरी पश्चिमेला, तिसरा मजला, दुपारी दोननंतर तिथे पापड वाळतात. त्यात मे महिन्यात 15 दिवस गावाला जायचं म्हणजे जायचंच. शेजारी चावी देऊन जातो पण लोकांच्या झाडांना रोज पाणी घाला असं किती सांगणार, मला स्वतःला तरी कुठे जमतं.

असंच एकदा भर मेमध्ये गावाला जाताना हायवेवर तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि शेजारी डिव्हायडरवर गुलाबी कण्हेर नि राणी कलरची बोगनवेल नुसती लगडलेली. टँकर आला तर आला, नाही तर नाही, दिवसभर ट्रकचा धूर, मुळाला धड माती नाही. आणि मी घरी गुलाबाला केळ्याच्या सालीचं पाणी पाजतेय!

तेव्हापासून माझा कॅटलॉग बदलला. नर्सरीत बघायचंच नाही, एसटी स्टँडच्या कंपाउंडला काय फुललंय ते बघायचं, तलाठी ऑफिससमोर, देवळामागे, बंद पडलेल्या बंगल्याच्या गेटवर. जिथे कोणी पाणी घालणारं नाही आणि तरी फूल आहे, ते झाड आपलं. तगर अशीच घेतली, कोरांटी अशीच. कण्हेर मात्र मनात असून नाही आणली, तिचं पानफूल सगळंच विषारी, जनावरंही तोंड लावत नाहीत, आणि माझी भाची दोन वर्षांची आहे, ती सगळ्यालाच तोंड लावते.

सदाफुली तर आणावीसुद्धा लागली नाही, बाथरूमच्या पाइपजवळ भिंतीला भेग आहे तिथे आपली आपण उगवली. मूळची मादागास्करची म्हणे, हिच्यापासून व्हिनक्रिस्टीन नावाचं रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध काढतात, एवढी मोठी बाई आणि राहते कुठे तर आमच्या पाइपाला. मला दया आली म्हणून एक रोप काढून चांगल्या कुंडीत लावलं, शेणखत घातलं, रोज पाणी, आणि महिन्याभरात ते मुळाशी कुजून गेलं. भेगेतलं अजून आहे.

बोगनवेलीचं त्याहून वरचं. दोन वर्षं मी तिला मनापासून पाणी घातलं, तिने मनापासून पानं दिली. हिरवीगार, काटेरी, कपडे अडकतात अशी, फूल एक नाही. मग एका मेमध्ये आम्ही गावाला गेलो, परत येऊन बघतो तर अर्धी पानं गळालेली आणि वेल वरपासून खालपर्यंत रंगलेली. आता मी तिला तहान लावते, पानं मलूल पडली की मगच पाणी. आणि ते रंगीत असतं ती फुलं नव्हेतच, ती तर पानं, कागदासारखी, खरं फूल म्हणजे त्या तीन कागदांच्या मधली पांढरी बारीक नळी. हे मला चाळिशीत कळलं, भाचीने कागद सोलून सोलून दाखवलं तेव्हा.

जास्वंदीबद्दल एवढंच सांगते, की ताटाएवढ्या फुलाची हायब्रिड आणू नका. पिठ्या ढेकूण आधी तिच्यावरच येतो, नीम ऑइल मारून मारून हात कडू होतात. साधी लाल गावठी घ्यावी, कोणाच्याही कुंपणाची फांदी मागून आणावी, पावसात खोचावी, लागते.

पण हे सगळं ज्ञान मला गुलबक्षीने एका झटक्यात शून्य केलं. आईच्या अंगणातून मागच्या पावसाळ्यात पेपरात गुंडाळून कंद आणला होता, गाजरासारखा लांब, काळपट. 12 इंची कुंडीत लावला आणि दोन महिन्यांत काय झुडूप झालं! ऑफिसमधून घरी यायच्या वेळेलाच उमलते, म्हणजे जरा उन्हं कलली की, सकाळी ऊन आलं की मिटून जाते, त्यामुळे सकाळच्या पूजेसाठी बाकीची गॅलरी ओरबाडणाऱ्या आमच्या सासूबाई तिच्या वाटेला जात नाहीत. मी भाचीला बिनदोऱ्याची वेणी करून दाखवली, लांब देठात देठ गुंफत जायचं बस. मिऱ्यांसारख्या काळ्या बिया फोडून आतलं पांढरं पीठ काढलं, आमच्या भातुकलीत त्याच्या भाकऱ्या व्हायच्या.

आणि मार्चमध्ये वाळली. सगळी. मी फांद्या उपटल्या, रडले नाही पण वाईट वाटलं, आईचं झाड ना ते. फोन करून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, उन्हाळ्यात ती कधी असते का?" म्हणजे लहानपणी 18 वर्षं ज्या अंगणात राहिले तिथे दरवर्षी चार महिने हे झाड गायब असायचं आणि माझ्या लक्षातच नाही! बारमाही बारमाही करत मी फुलाचे महिने मोजत बसले, झाडाचं वर्ष मोजलंच नाही.

तोवर नवऱ्याने कुंडी रिकामी दिसतेय म्हणून त्यात धणे पेरले होते. कोथिंबीर चांगली वीतभर आलीय, आणि कालच्या पावसानंतर तिच्या मधोमध दोन जाड कोंब वर आलेत, लालसर. मी म्हटलं कोथिंबीर काढू या आता, तिला जागा लागेल. तर म्हणतो, बाजारात जुडी 40 रुपये झालीय, तुझ्या गुलबक्षीला म्हणावं जरा पंधरा दिवस थांब.