दुपट्याच्या चार पट्ट्या

त्या दिवशी कामाच्या टेबलावर लिननची एक मळकी गुंडाळी आली. दक्षिण जर्मनीत फ्रँकोनियातल्या एका खेड्यात, सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या) माळ्यावर, जुन्या कागदांच्या ढिगात सगळ्यांत वर ती सापडली होती. देवाचं नाव असलेला कागद ज्यू फेकून देत नाहीत. झिजला की असा ठेवणीत टाकतात; त्या ठेवणीला गेनिझा म्हणतात. वुर्झबुर्गजवळ फाइट्सहोखहाइमला १९८६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी असाच साठा निघाला होता.

ही गुंडाळी म्हणजे विंपल. आठव्या दिवशी मुलाची सुंता होते, तेव्हाचं दुपटं धुऊन त्याच्या चार पट्ट्या करायच्या, एकापुढे एक जोडायच्या आणि वर भरतकामात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतिथी आणि आशीर्वाद घालायचा: तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ), लग्नमंडप आणि सत्कर्मं, यांसाठी हा मोठा होवो. पोर तीनेक वर्षांचं झालं की बापाबरोबर जाऊन पट्टी सिनेगॉगला देई, आणि तोराच्या गुंडाळीभोवती ती बांधत. तेराव्या वर्षी, बार मित्झ्वाला, म्हणजे मुलगा धर्माच्या दृष्टीनं जाणता होतो त्या विधीला, तीच पट्टी पुन्हा काढत. आमची पट्टी १८ सेंटिमीटर रुंद आणि ३ मीटर १४ सेंटिमीटर लांब. म्हणजे दुपटं साधारण ८० सेंटिमीटर चौरस असणार. उरलेलं कडा दुमडण्यात आणि तीन सांध्यांत गेलं.

कसर मरावी म्हणून पट्टी आधीच पॉलिथिनमध्ये बंद करून १४ दिवस उणे २० अंशांवर ठेवली होती. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. घाई केली तर गार कापडावर दव धरतं आणि रंग फुटतो. मग नायलॉनची जाळी अंथरून, व्हॅक्यूमची ओढ अगदी कमी ठेवून धूळ काढली. लाल रेशमाला ओला टिपकागद टेकवला, तो गुलाबी झाला. तेव्हा धुणं बाद. चुण्यांसाठी खाली ओला टिपकागद, मध्ये गोर-टेक्स, वर कापड अशी मांडणी केली. वाफ चढते, पाणी चढत नाही. कापड सैल पडलं की वर काचेची वजनं.

लाल, निळी, पिवळी अक्षरं शाबूत होती. काळी मात्र जवळजवळ सगळी गळाली होती. रेशीम काळं करायला लोहक्षार वापरत. त्यांनी धागा वर्षानुवर्षं ठिसूळ होतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. सुईची भोकं मात्र राहतात. दिवा कापडाच्या पातळीला आणून बाजूनं उजेड टाकला की ती ओळीनं दिसतात. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात. त्यातून वर्ष वाचलं: ताव ४००, रेश २००, पे ८०, आणि शेवटी वाव, म्हणजे ६, की झायिन, म्हणजे ७? उभी रेघ दोघांची सारखीच, आणि फरकाच्या टोकाशी कापड उंदरानं कुरतडलेलं.

हजार लिहीत नाहीत, तेव्हा ज्यू पंचांगाचं वर्ष ५६८६ किंवा ५६८७. तिथी १४ हेश्वान. हा महिना शरदातला, म्हणून ३७६१ वजा करायचे; नवी माणसं सरसकट ३७६० करतात आणि एक वर्ष पुढे जातात. म्हणजे १९२५ किंवा १९२६. सोडवणूक वारानं केली. पट्टीवर 'पहिला दिवस' होता, म्हणजे रविवार. १९२५ मध्ये ही तिथी १ नोव्हेंबरला, रविवारी येते. १९२६ मध्ये शुक्रवारी. वाव ठरला.

गावच्या जन्मनोंदीत मात्र शनिवार, ३१ ऑक्टोबर, रात्री आठ, आणि बाप गुरांचा व्यापारी. यात चूक कुणाचीच नाही. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. पट्टीवर हिब्रू नाव होतं, नोंदीत जर्मन. या भागात जर्मन नावासाठी निराळं बारसं होई. गावची पोरं पाळणा तीनदा उचलून 'होलेक्राइश' असं ओरडत आणि बाळाचं नाव काय ठेवायचं ते विचारत. आपल्याकडचं 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' इथे आठवल्यावाचून राहत नाही.

हेश्वानची रास वृश्चिक, म्हणून तिथीशेजारी विंचू भरलेला. भरणाऱ्या बाईनं विंचू कधी पाहिला नसावा. पुढच्या नांग्या ओढ्यातल्या खेकड्यासारख्या रुंद, आणि शेपटीची नांगी उलटी, पोटाखाली वळलेली. त्यासाठी तिनं पिवळ्या रेशमाच्या दोन छटा वापरल्या आहेत, पाठीला गडद आणि पायांना फिकी. एकेक पाय तीन टाक्यांचा. या कामात कुठेही उरकण्याची घाई नाही.

पट्टीचं जे टोक बांधताना खोचतात, तिथे झीज जवळजवळ नव्हती. कार्डावर 'वापर अत्यल्प' लिहिताना तेरा वर्षं पुढची तिथी काढली. १४ हेश्वान ५६९९ म्हणजे मंगळवार, ८ नोव्हेंबर १९३८. बार मित्झ्वाचा शब्बाथ, म्हणजे शनिवार, त्यानंतरचा, १२ नोव्हेंबरचा. त्या आठवड्याचा तोराचा पाठ अब्राहाम आणि वेदीवर बांधलेल्या इसहाकाचा. मधली रात्र ९ नोव्हेंबरची. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी नाझींनी जर्मनीभर सिनेगॉगं जाळली. खेड्यांतली बरीच पेटवली नाहीत, कारण शेजारची घरं आणि गोठे लागून होते. आतली बाकं फोडली, तोरा रस्त्यावर फेकले. माळे तसेच राहिले.

कार्डावर दोन्ही जन्मतारखा लिहिल्या. पट्टी आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या १० सेंटिमीटर जाडीच्या नळीवर, भरतकाम दबू नये म्हणून अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून, सैल गुंडाळली.